'लवाद' शब्दाचा प्रवास आणि लवाद-कराराची भाषा

मीरा-भाईंदर शहरात जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार होतो, भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात दोन भागीदार मिळून लहानसा कारखाना काढतात, किंवा एखादा व्यापारी दुसऱ्याकडून वर्षभर माल घेण्याचे ठरवितो. अशा वेळी जो दस्तऐवज तयार होतो त्याच्या अखेरच्या पानांवर एक कलम बहुधा असते. पक्षकारांमध्ये वाद निर्माण झाल्यास तो न्यायालयात न नेता लवादाकडे सोपवावयाचा, असा त्या कलमाचा आशय असतो. दस्तऐवज इंग्रजीत असतो. सही करणाऱ्यास त्याचा अर्थ तोंडी सांगितला जातो, आणि तो सांगताना 'लवाद' हाच शब्द वापरावा लागतो, कारण मराठीत दुसरा सोयीचा शब्द नाही. ऐकणारा मान डोलावतो. त्याच्या मनात त्या शब्दाने जे चित्र उभे राहते ते बहुधा एखाद्या सरकारी कचेरीचे असते : कृष्णेच्या पाण्याचा लवाद, राष्ट्रीय हरित लवाद, तसाच हा आणखी एक लवाद.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत सही करणाऱ्यालाच मोजावी लागते. मात्र ह्या चुकीचा दोष त्याच्याकडे जात नाही. 'लवाद' ह्या शब्दाचा अर्थ गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जो सरकला आहे, त्याचा तो परिणाम आहे. हा प्रवास मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

'लवाद' हा शब्द संस्कृतोत्पन्न नाही, फार्सी-अरबीही नाही. तो पोर्तुगीज 'लोव्हादो' ह्या शब्दापासून आला, असे अभ्यासक मानतात. पोर्तुगीजात 'लोव्हार' ह्या धातूचा अर्थ स्तुती करणे, वाखाणणे असा आहे. आणि 'एखाद्याच्या ठायी लोव्हार होणे' ह्या रचनेचा अर्थ त्याच्या मतावर आपला भार टाकणे, तो म्हणेल ते मान्य करणे असा होतो. त्यावरून 'लोव्हादो' म्हणजे उभय पक्षांनी मान्य केलेला, पसंत केलेला निवाडा करणारा. ह्या धातूचे मूळ लॅटिन 'लाउदारे' हे आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ह्याच मुळापासून झालेला 'लाउदुम' हा शब्द पंचाच्या निवाड्याला लावीत, आणि स्पॅनिश 'लाउदो' व इटालियन 'लोदो' हे त्याच अर्थाचे शब्द अद्याप कायद्याच्या भाषेत आहेत. तात्पर्य, युरोपातील ह्या भाषांत निवाड्याच्या नावातच मान्यतेची कल्पना भरलेली आहे. जो वाखाणला गेला तो निवाडा करणार, आणि त्याने केलेला निवाडा म्हणजे मान्य झालेली गोष्ट.

ध्वनिदृष्ट्या हे रूपांतर सरळ आहे. अन्त्य स्वराचा लोप हा पोर्तुगीजातून मराठीत आलेल्या शब्दांत वारंवार दिसतो : 'फीता'चे फीत, 'प्रातो'चे परात, 'त्रोंको'चे तुरुंग. आघातयुक्त 'व्हा' हे अक्षर टिकले, आरंभीचे आघातहीन अक्षर आखडले, आणि 'लवाद' सिद्ध झाला. अर्थाच्या बाजूने पाहिले तर त्याची सोबत लक्षात घेण्यासारखी आहे. बटाटा, पाव, कोबी हे शब्द स्वयंपाकघरातून आले. पण पगार, लिलाव, तुरुंग आणि लवाद हे चार शब्द व्यवहाराच्या व अंमलाच्या वाटेने आले. ज्या भूभागात परक्या सत्तेशी रोजचा देण्याघेण्याचा संबंध होता, तेथेच असे शब्द रुजतात.

मीरा-भाईंदर हा अशाच भूभागाचा अंश होय. गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने १५३४ मध्ये वसई व तिच्याखालील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाची ही गावे, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरची, त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज अंमलाखाली होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, धारावीच्या किल्ल्यासाठी झुंजी झाल्या, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. उत्तन, डोंगरी, पाली, चौक ह्या गावांतील ख्रिस्ती वस्ती, तिची घराण्यांची नावे आणि तिची बोली ह्यांत त्या काळाच्या खुणा आजही आहेत. 'लवाद' हा शब्द नेमक्या ह्याच गावांत प्रथम उच्चारला गेला असे म्हणण्यास आधार नाही. गोव्याकडूनही तो येऊ शकतो. परंतु ज्या किनारपट्टीने तो मराठीस दिला त्या पट्टीत हे शहर मोडते, एवढे निश्चित. आज त्याच शहरात हा शब्द परका होऊन बसावा, हा योग विचित्रच म्हटला पाहिजे.

मराठीत तो आला तेव्हा तो माणसाचा वाचक होता. लवाद म्हणजे निवाडा करण्यासाठी नेमलेला मनुष्य, आणि त्याचे काम ते लवादी. पक्षकार लवाद 'नेमीत', लवादाला 'मानीत'. विसाव्या शतकात मात्र ह्या शब्दाला दुसरे काम लागले. आंतरराज्य पाणीतंट्यांविषयीचा कायदा १९५६ मध्ये झाला, त्याखाली १९६९ मध्ये कृष्णा व गोदावरी ह्या नद्यांच्या पाणीवाटपासाठी न्यायाधिकरणे नेमली गेली, आणि मराठी वृत्तपत्रांनी त्यांना 'लवाद' म्हणण्याचा प्रघात पाडला. पुढे २०१० च्या कायद्याने पर्यावरणविषयक न्यायाधिकरण स्थापन झाले. तेही मराठीत 'राष्ट्रीय हरित लवाद' म्हणूनच ओळखले जाते, आणि उत्तन येथील कचराभूमीच्या प्रश्नामुळे हे नाव मीरा-भाईंदरच्या रहिवाशांच्या कानांवर चांगलेच पडले आहे. ह्या संस्था कायद्याने निर्माण झालेल्या आहेत. त्यांच्यापुढे जाणारे पक्षकार त्यांच्या सदस्यांची निवड करीत नाहीत, आणि त्यांच्यापुढे उभे राहण्यासाठी कोणाच्या संमतीची आवश्यकता नसते. शब्द तोच राहिला. त्यातील निवडीचा व मान्यतेचा अंश गळून गेला. न्यायाधिकरण हा शब्द जड आहे आणि लवाद हा तीन अक्षरांचा, म्हणून मथळा लिहिणाऱ्याची सोय झाली खरी. पण त्या सोयीपायी भाषेने एक उपयुक्त भेद गमावला.

संमतीची कल्पना व्यक्त करणारा दुसरा शब्द मराठीत होता. तो म्हणजे 'राजीनामा'. त्याचीही गत अशीच झाली, आणि ती कथा अधिक बोधप्रद आहे.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा सविस्तर अभ्यास वि. त्र्यं. गुणे ह्यांनी केला. त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळच्या कागदपत्रांवरून दिसते की, वतनाचा, सीमेचा वा मानपानाचा तंटा उभा राहिला म्हणजे तो गोतापुढे किंवा पंचांपुढे जाई. वादी व प्रतिवादी आपापल्या तकरिरी व करीने देत. परंतु ह्या सर्वांच्या आधी एक पायरी असे. दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेतला जाई. अमुक गोत वा अमुक पंच जो निवाडा करतील तो आपणांस मान्य आहे, त्याप्रमाणे आपण वर्तू, त्यातून फिरल्यास दिवाणाचे गुन्हेगार होऊ, असा त्याचा आशय. त्याच्या जोडीला जामीन लागे. बोलावल्या वेळी हजर राहण्याबद्दल हाजीरजामीन आणि निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल वर्तणूकजामीन, असे त्याचे प्रकार होते. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाने येजितखत लिहून द्यावयाचे, म्हणजे आपली बाजू खोटी ठरली हे स्वहस्ताने कबूल करावयाचे. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई.

ह्या पद्धतीत संमती दोन वेळा घेतली जाते, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम निवाडा काय होईल हे कोणासच ठाऊक नसताना राजीनामा, आणि शेवटी तो ठाऊक झाल्यावर येजितखत. पहिली संमती खरी अवघड, कारण ती डोळे मिटून द्यावयाची असते. म्हणूनच तिच्याआधी कोण निवाडा करणार आणि कोठे करणार हे ठरविण्याला महत्त्व होते. आपल्या गावचे गोत प्रतिपक्षाच्या बाजूचे आहे असे वाटल्यास पक्षकार ते थळ नाकारून परस्थळ मागू शके. थळ म्हणजे निवाड्याचे ठिकाण. लवादाचे 'स्थान' कोणते ह्यावर आज मोठमोठे वकील दिवसचे दिवस युक्तिवाद करतात. मराठी कागदपत्रांना तो प्रश्न नवा नव्हता.

प्राचीन रोमन कायद्याशी ह्याची तुलना उद्बोधक आहे. तेथे पक्षकार परस्परांस असे वचन देत की, आम्ही अमुक पंचाचा निवाडा पाळू आणि न पाळल्यास अमुक रक्कम दंड म्हणून देऊ. अभिजात रोमन कायद्यात निवाड्याची थेट अंमलबजावणी होत नसे. वसूल व्हावयाचा तो दंड. मराठ्यांचा वर्तणूकजामीन आणि रोमनांचा दंड ह्या दोहोंच्या मुळाशी एकच जाणीव आहे : निवाडा करणाऱ्याला स्वतःचे बळ नसते, त्याला बळ मिळते ते पक्षकारांच्या शब्दातून, आणि शब्द फिरू नये म्हणून त्याला कशाने तरी बांधावे लागते.

१८१८ नंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीचे वर्णन विस्ताराने आले आहे. आरंभी त्याने ही व्यवस्था राखण्याचा प्रयत्न केला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या नियमसंहितेतील सातवा नियम लवादाने तंटे तोडण्याविषयीचाच होता. परंतु न्यायालये वाढली तशी पंचायत मागे पडली, आणि तिची शब्दसंपत्ती दुसऱ्या कामांना लागली. 'राजीनामा' हा शब्द महसूल खात्यात गेला. तेथे जमीन सोडून देणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. जमीन सोडण्यावरून पुढे नोकरी वा पद सोडण्याचा अर्थ आला, आणि आज मराठी माणसाला राजीनामा म्हटले की मंत्र्याचा किंवा मुख्याध्यापकाचा राजीनामाच आठवतो. कन्नड व तेलुगू ह्या शेजारच्या भाषांतही हाच अर्थ रूढ आहे. उलट हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे अजूनही तडजोडपत्र. एकच शब्द नर्मदेच्या उत्तरेस दोघांना जवळ आणतो आणि दक्षिणेस एकाला घरी पाठवितो!

'पंच' ह्या शब्दाचेही असेच झाले. निवाडा करणारा पंच क्रीडांगणावर तेवढा उरला. पोलिसांच्या पंचनाम्यातील पंच काहीच ठरवीत नाही, तो केवळ पाहिलेले पाहिले म्हणून सही करतो. मात्र 'निवाडा' हा शब्द टिकला, आणि लवादाच्या निर्णयाला आजही तोच योग्य शब्द आहे.

मधल्या काळात ह्या कल्पनेचे पुनरुज्जीवन करण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला. १८७० च्या दशकात, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका ह्यांच्या काळात, तेथे लवाद कोर्ट काढण्यात आले. सरकारी न्यायालयांचा खर्च व विलंब टाळून लोकांनी आपले दिवाणी तंटे आपसात मिटवावेत हा त्यामागील हेतू होता. 'लवाद' आणि 'कोर्ट' हे दोन शब्द येथे शेजारी बसले. परंतु तेथे जावयाचे ते दोघांच्या राजीखुशीने, हा मूळचा अर्थ तोवर जिवंत होता. ह्याउलट १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांवरील दाव्यांपूर्वी सलोखाकाराकडे जाणे सक्तीचे केले. सक्तीचा सलोखा हा शब्दप्रयोगच आपल्याशी भांडणारा आहे, आणि ती योजना पुढे गुंडाळावी लागली ह्यात नवल नाही.

आता कायद्याची आजची स्थिती पाहू. १८७२ च्या करार कायद्याचे २८ वे कलम सांगते की, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क सर्वस्वी हिरावून घेणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य होय. कोणीही करारान्वये न्यायालयाचे दार स्वतःवर बंद करून घेऊ शकत नाही. ह्या नियमाला जे अपवाद त्याच कलमात दिले आहेत त्यांत लवादाचा समावेश आहे : पुढे उद्भवणारे किंवा आधीच उद्भवलेले वाद लवादाकडे सोपविण्याचा करार कायद्यास मान्य आहे. म्हणजे लवाद-करार ही सामान्य नियमातील एक खिडकी आहे. १८९९ आणि १९४० चे लवादविषयक कायदे होऊन गेले. आज अंमलात आहे तो लवाद व समेट ह्यांविषयीचा १९९६ चा कायदा.

ह्या कायद्याप्रमाणे लवाद-करार लेखी असला पाहिजे. तो स्वतंत्र असेल किंवा मोठ्या करारातील एक कलम असेल. पत्रव्यवहारातून वा विद्युत्-माध्यमातून झालेल्या लेखी देवघेवीतूनही तो सिद्ध होऊ शकतो. तो एकदा सिद्ध झाला की त्याचे परिणाम दूरगामी असतात. एक पक्ष न्यायालयात गेला आणि दुसऱ्याने आपले पहिले म्हणणे मांडण्यापूर्वी वा मांडतानाच त्या कराराकडे बोट दाखविले, तर न्यायालयाने पक्षकारांना लवादाकडे धाडावयाचे, असे आठवे कलम सांगते. निवाडा झाल्यावर तो रद्द करून घेण्याची कारणे चौतिसाव्या कलमात मोजकी आहेत. लवादाने पुराव्याचे वजन चुकीचे केले, एवढ्याने न्यायालय निवाडा मोडत नाही. मराठेशाहीत जामिनावर जे साधले जाई ते आता कायद्याच्या हुकमाने साधते, कारण निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणेच होते. डोळे मिटून दिलेली ती पहिली संमती आज पूर्वीपेक्षा अधिक भारी झाली आहे.

म्हणूनच ती संमती दिली गेली की नाही, हे ठरविण्याचे काम न्यायालयांपुढे पुन्हा पुन्हा येते. आणि ते काम शेवटी वाक्याच्या अर्थाचे असते. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता ह्या २००० च्या प्रकरणात करारातील एक कलम वाद मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारात राहतील असे म्हणत होते, आणि पुढचे कलम वाद लवादाकडे सोपविता येतील असे. 'सोपविता येतील' ह्याने बंधन निर्माण होत नाही, त्यासाठी दोघांची नव्याने संमती हवी, असे सर्वोच्च न्यायालयात ठरले. २००७ च्या जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर ह्या प्रकरणात भागीदारीपत्रात असे म्हटले होते की, भागीदारांतील वाद त्यांनी आपसात मिटवावा किंवा, त्यांनी तसे ठरविल्यास, तो लवादाकडे सोपविला जावा. 'तसे ठरविल्यास' ह्या दोन शब्दांनी सर्व कलम पोकळ केले. लवाद-करारासाठी विशिष्ट शब्द वापरलेच पाहिजेत असे नाही, पण बांधले जाण्याचा निर्धार त्यातून दिसला पाहिजे. पुढे कधीतरी निर्धार करण्याची आशा पुरेशी नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हे निर्णय इंग्रजी वाक्यांवरचे आहेत. त्यांचे तत्त्व मराठी वाक्यांना लावून पाहिले, तर मराठीची स्वतःची अडचण दृष्टीस पडते. इंग्रजीत प्रश्न बहुधा एका साहाय्यक क्रियापदाचा असतो. मराठीत तो क्रियापदाच्या रूपात आणि पदांच्या क्रमात दडलेला असतो.

'वाद लवादाकडे सोपवावा' हे वाक्य घेऊ. 'सोपवावा' हे विध्यर्थाचे रूप. मराठी व्याकरणात विध्यर्थाच्या पोटात कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ सांगितले जातात. 'मुलांनी लवकर उठावे' ह्यात कर्तव्य आहे, 'आज पाऊस यावा' ह्यात इच्छा आहे, 'तो एव्हाना घरी पोचला असावा' ह्यात अंदाज आहे. शासकीय पत्रात 'सोपविण्यात यावा' हा हुकूम असतो, पण तो हुकूम देणाऱ्याच्या अधिकारामुळे. व्याकरणाच्या रूपामुळे नव्हे. दोन समान पक्षांच्या करारात कोणी कोणास हुकूम करीत नाही. तेथे 'सोपवावा' हा सल्ला आहे असे म्हणण्यास जागा उरते. 'सोपविला जाईल' हे भविष्यकाळी रूप दस्तऐवजाच्या भाषेत बंधनाचे काम करते, आणि 'सोपविणे उभय पक्षांवर बंधनकारक राहील' ह्यात कसलाही संदेह नाही. वाक्य बोजड होते, हे खरे. परंतु दस्तऐवजात बोजडपणा परवडतो, संदेह परवडत नाही.

ह्याहून सूक्ष्म अडचण 'संमतीने' ह्या पदाची आहे, आणि मराठी मसुद्यांत हे पद मोठ्या हौसेने घातले जाते. पुढील दोन वाक्ये पाहावीत.

'वाद उभय पक्षांच्या संमतीने लवादाकडे सोपविला जाईल.'

'वाद उभय पक्षांच्या संमतीने नेमलेल्या लवादाकडे सोपविला जाईल.'

पहिल्या वाक्यात 'संमतीने' हे पद 'सोपविला जाईल' ह्या क्रियापदाकडे जाते. अर्थ असा की, वाद निर्माण झाल्यावर दोघांची संमती असेल तर तो लवादाकडे जाईल. भांडण पेटल्यावर दोघांची संमती मिळणे हे दुर्मीळच. आणि वर सांगितलेल्या २००७ च्या निर्णयाचे तत्त्व लावले तर असे कलम करार म्हणून टिकणे कठीण. दुसऱ्या वाक्यात तेच पद 'नेमलेल्या' ह्या धातुसाधिताशी जोडले जाते. येथे सोपविणे पक्के आहे. संमती हवी आहे ती माणसाच्या निवडीला, आणि ती न जमल्यास नेमणुकीसाठी अकराव्या कलमाखाली न्यायालयाकडे अर्ज करता येतो. दोन वाक्यांत अंतर एका शब्दाचे आहे. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दुसरे वाक्य असते आणि कागदावर पहिले उतरते, कारण बोलण्यात आपण धातुसाधित गाळतो व ऐकणारा ते मनात भरून घेतो. न्यायालयाने ते भरून घ्यावे अशी अपेक्षा धरता येत नाही.

दुसऱ्या वाक्यातील ते 'संमतीने नेमलेला' हे मूळच्या लोव्हादोचेच वर्णन आहे. ह्या बाबतीत अलीकडच्या निर्णयांनी कायद्याला शब्दाच्या जुन्या अर्थाजवळ आणले आहे. कंपन्यांच्या छापील करारांत एकटा लवाद नेमण्याचा अधिकार कंपनीच्या प्रमुखाकडे ठेवण्याची वहिवाट होती. २०१५ च्या सुधारणेने लवादाच्या निःपक्षपातीपणाचे नियम कडक केले. त्यांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात असे ठरविले की, वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमणे योग्य नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सार्वजनिक संस्थांच्या करारांतील अशा एकतर्फी नेमणुकीच्या कलमांना समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविले. दोघांनी वाखाणल्यावाचून लोव्हादो होत नाही, हीच ती गोष्ट. परंतु हा हक्क ज्याला ठाऊक आहे तोच बजावणार. लवाद म्हणजे सरकारी कचेरी असे समजून बसलेला सभासद वा भागीदार विरुद्ध बाजूने पाठविलेल्या नावाला हरकत घेत नाही, कारण कचेरीतल्या अधिकाऱ्याचे नाव आपण थोडेच सुचवितो!

सर्वच वाद लवादाकडे जाऊ शकतात असेही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था व तिचे सभासद ह्यांच्यातील ठराविक प्रकारचे वाद १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ९१ व्या कलमाखाली सहकार न्यायालयाचे आहेत. भाडेनियंत्रण कायद्याखालील मालक-भाडेकरूंचे वाद खास न्यायालयांकडे जातात; मुंबईच्या नटराज स्टुडिओच्या प्रकरणात १९८१ मध्येच ते ठरले. सदनिका घेणाऱ्या ग्राहकाच्या करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचे दार त्याला बंद होत नाही, हे २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. महारेराने २०१८ पासून चालविलेला सलोखा मंच ही आणखी निराळी गोष्ट. तेथे कोणी निवाडा करीत नाही, दोघांना समोरासमोर बसविले जाते, आणि जमले नाही तर मूळ हक्क शाबूत राहतात. पुनर्विकासाचा संस्था व विकासक ह्यांच्यातील करार मात्र व्यापारी कराराच्या जातीचा असल्याने त्यातील लवादकलमाला पूर्ण वजन असते. मुद्रांक न भरलेल्या दस्तऐवजातील लवादकलमाचे काय, ह्यावर बरीच उलटसुलट झाल्यावर १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, मुद्रांकाचा अभाव हा दुरुस्त करता येण्याजोगा दोष आहे, त्याने कलम शून्य होत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, ज्याकडे मसुदा करणारे सहसा वळत नाहीत. १९९६ च्या कायद्याचे २२ वे कलम पक्षकारांना लवादाच्या कामकाजाची भाषा ठरविण्याचे पूर्ण स्वातंत्र्य देते. करार मुका असेल तर भाषा लवाद ठरवितो, आणि तो बहुधा कराराचीच भाषा, म्हणजे इंग्रजी, उचलतो. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांची व त्यांखालील न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा न्यायालयाऐवजी लवाद पत्करणारा मराठी पक्षकार, बोलल्यावाचून, आपली भाषाही सोडून देतो. उत्तनच्या डोल जाळ्यांच्या व्यवहारातील दोन कोळी भागीदार असोत की भाईंदरच्या गाळ्यातील दोन कारखानदार, त्यांची साक्ष ज्या भाषेत होईल त्या भाषेत निवाडाही व्हावा अशी त्यांची इच्छा असेल, तर करारात एवढेच वाक्य पुरते : 'लवादाचे कामकाज मराठीत चालेल, निवाडा मराठीत दिला जाईल, आणि लवादाचे स्थान ठाणे हे राहील.' पुराव्यातील परभाषेतील कागदांचा अनुवाद मागविण्याचा अधिकार त्याच कलमान्वये लवादाला आहे. निवाड्यावरील प्रकरण अपिलात उच्च न्यायालयापर्यंत गेल्यास इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल, तो खर्च हिशेबात धरावा. आणि करार दोन्ही भाषांत केला असेल, तर तफावत पडल्यास कोणती प्रत प्रमाण मानावयाची हे त्यातच लिहून ठेवावे. कारण 'संमतीने नेमलेल्या' ह्यातील 'नेमलेल्या' हा शब्द एका प्रतीत असून दुसरीत नसणे, हे सहज घडू शकते.